सीट पुन्हा पुन्हा खाली का बसते? भंगारातून आलेल्या जुन्या गिअर सायकलीची ओळख आणि दुरुस्ती

लातूरहून औसा वीसेक किलोमीटर. निघताना मी सीट बरोबर उंचीवर बसवायचो आणि औशाचा किल्ला दिसेपर्यंत गुडघे पोटाला लागायला आलेले असायचे. उतरायचं, पाना काढायचा, सीट ओढून वर घ्यायची, बोल्ट आवळायचा. परतीला पुन्हा तेच. दोन महिन्यांत बोल्ट दोनदा तुटला, सीटच्या नळीच्या तोंडाचे, बोल्टनं आवळले जाणारे कान आत वळले, सीट मात्र बसायची ती बसतच राहिली. त्याच दिवसांत हँडलखालून खट्ट खट्ट सुरू झालं. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा नट आवळला की दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी पहिल्याच खड्ड्यात पुन्हा खट्ट. ही दोन दुखणी मी वेगवेगळी धरून चाललो होतो. मूळ एकच निघालं.

घाईत असाल तर कारण आधीच सांगतो. सायकल रेंजर नव्हती आणि तिला रेंजरचे पार्ट घातलेले होते. आपल्याकडे जाड टायर आणि सरळ हँडल असलेली कुठलीही सायकल म्हणजे 'रेंजर'च. जुनी परदेशी माउंटन बाइक समोर आली तरी दुकानदार तोच डबा उघडतो. पार्ट जातो, आवळला की बसल्यासारखा वाटतो. फरक फार तर एक-दीड मिलिमीटरचा, कधी त्याहूनही कमी असतो. दुकानात तो कळत नाही, रस्त्यावर कळतो.

सायकल घेतली ती भंगारवाल्याकडून, वजनावर, लोखंडाच्या भावात. अंगभर निळा ऑइल पेंट, चेनसुद्धा निळी. भंगारवाला म्हणाला, "किल्लारीच्या भूकंपात गोरा आला होता बगा, त्यानं इथंच टाकून दिली." आमच्या भागात कुणाच्या माळ्यावर परदेशी थर्मास निघाला, तंबूचं कापड निघालं, की ते 'भूकंपातलं' असतं. ३० सप्टेंबर १९९३ ला जे हरवलं त्याची मोजदाद झाली, जे आलं त्याच्या गोष्टी झाल्या. म्हणून मी हसून सोडून दिलं. पुढे सायकलीनंच त्याची थोडी बाजू घेतली, ते येईलच.

नावाच्या मागे लागू नका

माझा पहिला महिना कंपनीचं नाव शोधण्यात गेला. थिनर आणि जुन्या ब्लेडनं पेंट थोडा थोडा उतरवला. हँडलखालच्या उभ्या नळीवर बिल्ला होता, त्याची दोन भोकं तेवढी उरलेली. आडव्या नळीवर स्टिकरच्या शेवटच्या अक्षरांची नुसती सावली. त्या सावलीवरून मी काय काय नावं लावून पाहिली! एकाही नावानं सीट वर राहिली नाही.

नावातून फार हाती लागत नाही, याला कारण आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात विकल्या गेलेल्या माउंटन बाइकांच्या कितीतरी फ्रेम जपानी आणि तैवानी कारखान्यांत बनत. १९८५ नंतर येन महाग झाला तशा ऑर्डरी जपानकडून तैवानकडे सरकल्या. एकाच कारखान्यातून निघालेल्या फ्रेमवर आयातदार आपापलं लेबल चिकटवत. लेबल एकच, पण एका वर्षीची नळी वेगळी, पुढच्या वर्षीची वेगळी, असंही व्हायचं. दुर्मिळ नाव सापडलं की आनंद होतो खरा, पण पार्टचं माप त्यातून मिळत नाही.

खरं बोलतं ते बाकीचं सामान. शिमानो या जपानी कंपनीचा जुना पार्ट असेल तर त्याच्या मागच्या अंगाला दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात, क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) आतल्या बाजूला किंवा ब्रेकच्या हाताच्या पाठीवर बघा. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ए म्हणजे १९७६, तिथून पुढे एकेक वर्ष मोजत जायचं. माझ्या क्रँकवर रॉकेलनं पुसल्यावर 'पी जी' निघालं. पी सोळावं अक्षर, म्हणजे १९९१. जी सातवं, म्हणजे जुलै. ब्रेकवर 'पी एफ', जून १९९१. एकाच पार्टवर भरवसा ठेवू नका, पार्ट बदललेला असू शकतो. दोन-तीन कोड आसपासचे आले की समजावं, सायकल त्यानंतर काही महिन्यांत जुळवली गेली. भूकंप झाला तेव्हा ही दोनेक वर्षांची होती. म्हणजे भंगारवाल्याची गोष्ट खोटी ठरत नाही, आणि खरीही ठरत नाही.

कोड नसला तरी काळ ओळखता येतो. मागचा ब्रेक पायडलच्या मागे, खालच्या नळ्यांच्या पोटाला लावलेला असेल तर साधारण १९८६ ते १९८९. दोन्ही ब्रेक कँटिलिव्हर, म्हणजे मधे वायरचा त्रिकोण, असतील तर १९९० च्या दशकाचा पूर्वार्ध बहुधा. लांब हातांचा व्ही-ब्रेक शिमानोनं १९९६ च्या सुमारास आणला, त्यामुळे जुन्या फ्रेमवर तो दिसला तर नंतर कुणीतरी बसवलाय असं धरून चाला.

सीटच्या नळीवरचा पेंट काढताना मात्र एक कामाची गोष्ट हाती लागली. हातभर उंचीवर चौकोनी स्टिकरचा ठसा, त्यात 'टांगे' एवढं वाचता आलं. टांगे ही नळ्या बनवणारी जपानी कंपनी, सायकलींची नव्हे. म्हणजे नळी क्रोम-मॉली पोलादाची आणि पातळ भिंतीची असणार. सीटच्या दुखण्याचं पहिलं खरं निदान इथं झालं.

आधी सांगाडा तपासा

हे मी उशिरा केलं, तुम्ही आधी करा. पैसे घालण्यापूर्वी हँडलच्या लगेच मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटावरून बोट फिरवा. सुरकुती किंवा फुगवटा लागला, पेंटला आडवी चीर दिसली, तर सायकल कुठंतरी समोरून आदळलेली आहे. ती भिंतीवर टांगा, बसू नका तिच्यावर. मागच्या खालच्या नळ्या जिथं पायडलच्या डब्याला (ज्यात पायडलचा आस फिरतो) जोडल्यात तिथंही चीर शोधा. मग सुतळी घ्या. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून बांधा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचं अंतर मोजा. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक मी चालवून घेतो, त्यापुढे नाही.

गंजाच्या बाबतीत दुष्काळानं आपल्यावर एवढा एक उपकार केलाय. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हे गाव. अशा हवेत फ्रेम आतून सहसा कुजत नाही. रबर मात्र उन्हानं खलास होतं. टायर, ब्रेक रबर, हँडलची मूठ यांचा हिशेब शून्य धरूनच सायकल घ्या.

सीटच्या नळीचं माप

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. अकरावीची पोरं दरवर्षी पहिल्या प्रयोगाला व्हर्निअर घेऊन गोळ्याचा व्यास काढतात आणि विचारतात, "सर, ह्याचा उपयोग काय?" यंदा त्यांना सायकल दाखवली.

काढलेला जुना सीट पिलर, म्हणजे सीटखालचा दांडा, मोजला, २५.४ मिमी. त्याच्याभोवती कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळलेला, घासून चकचकीत झालेला, खालच्या टोकाला चुरगळून गोळा. साध्या जाड लोखंडी नळीत २५.४ चा पिलर जातो. चांगल्या सायकलीच्या सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास बहुधा २८.६ असतो. भिंत जितकी पातळ तितकं आतलं भोक मोठं, म्हणून पिलर २६.४ ते २७.२ पर्यंत, ०.२ च्या पायऱ्यांनी. हलक्या फ्रेमला सहसा जाड पिलर लागतो. उलटं वाटतं, पण गणित साधं आहे.

व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांनी नळीचं तोंड मोजलं तर २६.१ आलं. इथं माझी फसगत होणार होती. तोंडाला उभी चीर असते, आवळून आवळून ते कान आत वळलेले. तोंडाचं माप म्हणजे पिळलेल्या ओठांचं माप. आधी कान सरळ करावे लागतात. त्यासाठी वाईसमध्ये धरलेली निमुळती लोखंडी कांब आत घालून हळूहळू फ्रेम फिरवली, चीर वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची होईपर्यंत. पाना घालून फाकवू नका, पातळ नळी एकाच जागी वाकते आणि मग सरळ होत नाही.

खरं माप चिरेच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर आत असतं आणि तिथं व्हर्निअर पोचत नाही. यावर तोडगा काढला एमआयडीसीतल्या लेथवाल्या दादांनी. अ‍ॅल्युमिनियमच्या कांबेवर पाच पायऱ्या काढून दिल्या: २६.४, २६.६, २६.८, २७.०, २७.२. प्रत्येक पायरी तीन सेंटिमीटर लांब, सगळ्यात बारीक टोक पुढे. ग्रीसचं बोट लावून आत सोडली. २६.४ खुळखुळली, २६.६ सरकत गेली पण किंचित डुलत होती, २६.८ हातानं दाबत फिरवत गेली आणि न डुलता बसली, २७.० तोंडाशीच अडली. माप मिळालं: २६.८. जुना पिलर १.४ मिमी बारीक होता. तेवढी पोकळी पत्र्यानं भरायची म्हणजे पत्र्याचे किती वेढे घ्यायचे, आणि प्रत्येक वेढा दुसऱ्यावर घसरणारच.

मामांच्या दुकानात हे सांगितलं. लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेच्या बाजूला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, पोरगा होतो तेव्हापासून माझं पंक्चर तेच काढतात. म्हणाले, "सर, कशाला एवढं डोकं लावायलाव? जाड पत्रा गुंडाळू, चारदा आवळू." चारदा आवळलेल्याचे कान मी खिशातून काढून दाखवू शकत नव्हतो, पण तुटलेले दोन बोल्ट दाखवले.

२६.८ चा पिलर मिळाला तर सरळ तोच घ्या. मला मिळाला २७.२ चा, अ‍ॅल्युमिनियमचा. दादांनी लेथवर २६.८ केला. व्यासातून ०.४ म्हणजे भिंतीतून ०.२ जातात, पिलरची भिंत दोन मिलिमीटरच्या वर असेल तरच हे करा. आणखी एक, कापलेला भाग जिथं संपतो तिथं काटकोनी पायरी सोडू देऊ नका, उतार द्यायला सांगा. पिलर तुटतो तो अशाच पायरीवरून. आत किमान दहा सेंटिमीटर जायला हवा आणि वरच्या आडव्या नळीच्या जोडाच्या खाली त्याचं टोक उतरायला हवं. बसवताना ग्रीस लावा. ग्रीसनं सीट घसरेल ही भीती पिलरचं माप बरोबर असेल तर निराधार आहे. ग्रीस नसेल तर अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना धरतात, आणि मग दुखणं उलटं होतं: पिलर निघतच नाही.

पिलर अडकलाच असेल तर

पुष्कळ जण टॉर्चनं नळी तापवतात. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे सगळंच तापलं की पकड आणखी घट्ट. थंड करा. सीट काढून पिलर पोकळ असेल तर गोळेवाल्याकडचा बर्फ आणि मीठ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून आत कोंबा, बाहेरून झिरपणारं तेल रात्रभर मुरू द्या. मग सायकल उलटी करून पिलर पक्क्या वाईसमध्ये धरा आणि अख्खी फ्रेमच स्टिअरिंगसारखी फिरवा. पिलर वाया जातो, जाऊ द्या. कॉस्टिक सोड्यानं अ‍ॅल्युमिनियम विरघळवायचा उपाय खरा आहे, लोखंडाला तो खात नाही. पण हायड्रोजन निघतो, पाणी उकळी फुटेल इतकं तापतं, पेंट जातो, डोळ्यात उडालं तर डोळा जातो. उघड्यावर, चश्मा आणि हातमोजे घालून, आणि तेही सगळं थकल्यावर. फ्रेमच अ‍ॅल्युमिनियमची असेल तर नावच काढू नका.

हँडलखालची खट्ट

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा आणि हँडलखालच्या नळीच्या तोंडाशी छर्रे धरणारी जी वाटी असते, त्यातल्या वरच्या वाटीवर असं बोट ठेवा की अर्धं बोट वाटीवर, अर्धं फ्रेमच्या नळीवर. वाटीच्या आत हालचाल लागली तर नट सैल, आवळून भागेल. वाटी आणि फ्रेम यांच्या मधे लागली तर कितीही आवळा, दोन दिवसच टिकणार. माझ्या बोटाला दुसरी लागली.

इथंही तीच कथा. एक इंची चिमट्याच्या वाट्यांची दोन मापं प्रचलित आहेत. आयएसओ मापात फ्रेममध्ये बसणाऱ्या वाटीचा बाहेरचा व्यास ३०.२ आणि चिमट्याच्या मुळाशी बसणाऱ्या कड्याचं भोक २६.४. जपानी जेआयएस मापात तेच ३०.० आणि २७.०. वाटी फ्रेममध्ये दाबूनच जायला हवी, ठोकल्याशिवाय निघू नये. माझी खालची वाटी अंगठ्यानं ढकलली आणि हातात आली. मोजली, ३०.०. तिच्याभोवती दोऱ्याचे वेढे होते! चिमट्याच्या मुळाशी कुणीतरी सेंटर पंचनं गोल ठिपके मारलेले, देवीच्या डागांसारखे, म्हणजे धातू वर उचलला जाऊन २७ चं कडं २६.४ च्या जागेवर घट्ट धरेल. हुशारी होती त्यात, नाही म्हणत नाही. पण ठिपके चेपले की कडं सैल, कडं सैल की नट सैल.

३०.२ आणि २६.४ चा, एक इंची, आट्यांचा संच मागवला. वाट्या हातोड्यानं ठोकल्या तर तिरक्या जातात. लांब आट्याची सळई, दोन जाड वॉशर, दोन नट, एवढ्यानं घरच्या घरी सरळ दाबल्या जातात. छर्रे ५/३२ इंची सुटे टाकले, पिंजऱ्यातले नाही. वाटी भरून एक छर्रा कमी, हा मामांचा नियम, आणि तो बरोबर आहे.

बाकीचं भराभर

टायरवर नुसतं '२६' बघून घेऊ नका. लहान अक्षरांत ५५९ (रीमचं मिलिमीटरमधलं माप) लिहिलेलं हवं. २६ × १ ३/८ चा टायर ५९० च्या रीमचा असतो, तो या रीमवर घातला तर लोंबतो. बाभळीच्या काट्यांसाठी जाड ट्यूब घाला, वजन वाढेल, वाढू दे.

क्रँकला कॉटर पिन नसते, आत चौकोनी टोक असतं, त्याला पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, लागतो. ठोकून काढला तर भोक पसरतं आणि मग डावा क्रँक दर आठवड्याला सैल होतो. पायडलच्या डब्याची उजवी वाटी उलट्या आट्याची, हे मामांना माझ्या आधीपासून पाठ होतं.

मागच्या खाचांमधलं अंतर माझ्या फ्रेममध्ये १३० मिमी निघालं, मिळालेलं चाक १३५ चं. पोलादी फ्रेम पाच मिलिमीटर हातानं फाकते, काळजी नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला असं फाकवू नका.

गिअर दातांवर नीट थांबत नसतील आणि हँडलवर अंगठ्यानं ढकलायची जुनी खटकी असेल, तर तिच्या वरची चकती बघा. एका बाजूला 'एसआयएस' (खटक्यांनी गिअर), दुसऱ्या बाजूला 'फ्रिक्शन' (बिनखटक्याचं). फ्रिक्शनवर फिरवली की खटके जातात आणि कुठलंही फ्रीव्हील चालतं, कानानं गिअर लावायचा. नव्या पिढीला हे जमत नाही म्हणतात, माझ्या पोरीला अर्ध्या तासात जमलं.

गंजलेले बोल्ट आणि कडी किराण्यातल्या लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर, सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून लगेच पुसून तेल. छर्रे त्यात टाकू नका, ते नवेच घ्या.

फ्रेमच्या आत मी डबल बॉइल्ड जवसाचं तेल फिरवलं, पेंटच्या दुकानात मिळतं. पायडलच्या डब्यातून ओतून फ्रेम चारी बाजूंना फिरवायची, उरलेलं गाळून दोन दिवस उन्हात. वाळून पापुद्रा धरतो, तोच गंज रोखतो. फक्त तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेटतो, आणि आपला मे महिना त्याला मदतच करतो. मी बोळे पाण्याच्या बादलीत टाकले.

पिलरवर नळीच्या तोंडाशी मार्करनं एक रेघ मारली. पहिल्या रविवारी औसा, दुसऱ्या रविवारी खरोसा लेण्यांपर्यंत आणि परत. रेघ जिथल्या तिथं. हँडल गप्प. मागचा ब्रेक अजून किंचाळतो, कारण रबर सपाट बसवलंय. त्याचं पुढचं टोक रीमला आधी टेकेल असं पोस्टकार्डाची घडी घालून तिरकं करायचं राहिलंय.